व्यावसायिक गोल्फर व्हायचंय? हँडिकॅपपासून पीजीटीआयच्या कार्डापर्यंत

भारतात गोल्फमध्ये प्रोफेशनल होण्याची औपचारिकता अगदी लहान आहे. अर्ज, फी, स्पर्धेत 'प्रोफेशनल' म्हणून नोंद, आणि झालात तुम्ही प्रो. पण बहुतेक तरुण खेळाडूंची गाडी अडते ती दोनच ठिकाणी. एक तर ते वेळेआधी प्रो होतात, नाहीतर दोन हंगामांच्या पैशांची सोय न करता बाहेर पडतात. स्विंगमधले दोष प्रशिक्षक दुरुस्त करू शकतो, या दोन चुका मात्र फार महागात पडतात. म्हणून हा लेख स्विंगबद्दल कमी आणि निर्णयांबद्दल जास्त आहे. पीजीटीआय ही देशातली मुख्य पुरुष टूर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांची मालिका, आणि कार्ड म्हणजे तिच्यात खेळायचा हक्क.

मैदान आणि सुरुवातीची वर्षं

पहिला प्रश्न खेळायला जागा मिळण्याचा असतो. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी आणि ताडदेवचा विलिंग्डन, पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब ही जुनी मैदानं सदस्यत्वावर चालतात, आणि सदस्यत्वाची फी बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर असते. तरीही वाटा आहेत. सिडकोचं खारघर व्हॅली फी भरून सर्वांना खेळता येतं. लष्करी कुटुंबातल्या मुलांना छावण्यांतली मैदानं स्वस्तात मिळतात. अनेक क्लब आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहुण्यांना ग्रीन फी (एका फेरीचं शुल्क) भरून खेळू देतात, ज्युनिअर खेळाडूंना सवलत देतात. क्लबच्या कॅप्टनला किंवा सचिवाला मुलाची किंवा मुलीची स्कोअरकार्डं जोडून पत्र लिहा. तोंडी विनंतीपेक्षा कागदावरच्या आकड्यांना उत्तर लवकर मिळतं.

कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) म्हणून सुरुवात करून प्रो झालेल्यांची भारतातली परंपरा मोठी आहे. दिल्लीचे अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले, तेही याच वाटेने. एसएसपी चौरासिया रॉयल कलकत्ता क्लबवर काम करणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. या खेळाडूंचा शॉर्ट गेम (होलजवळचे छोटे फटके) इतका धारदार होण्याचं कारण साधं होतं. पूर्ण मैदान त्यांच्या वाट्याला क्वचित यायचं, पण एक जुनी वेज (छोट्या, उंच फटक्यांचा क्लब) आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेची मोकळी जागा रोज मिळायची. ज्याला आठवड्यातून एकदाच अठरा होल मिळतात, त्याने हे लक्षात ठेवावं.

ड्रायव्हिंग रेंजवर सराव करणाऱ्यांना दोन सूचना. मॅटवरून मारताना क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. तोच फटका गवतावरून वीस यार्ड कमी पडतो. तेव्हा आठवड्यातून किमान दोन सत्रं खऱ्या गवतावर हवीत. दुसरं, रेंजचे चेंडू कमी अंतर जाण्यासाठी बनवलेले किंवा वापरून झिजलेले असतात. आपली अंतरं त्यांच्यावरून ठरवू नका. स्पर्धेत वापरता त्याच चेंडूने, मैदानावर, प्रत्येक क्लबचे पंधरा-वीस फटके मोजा आणि हवेतलं अंतर लिहून ठेवा. चेंडू घरंगळून मिळालेलं अंतर त्यात धरू नका.

हँडिकॅप काय लपवतो

हौशी गोल्फ इंडियन गोल्फ युनियनच्या, म्हणजे आयजीयूच्या अखत्यारीत येतो. त्यांच्या ज्युनिअर आणि अमॅच्युअर स्पर्धा ही पहिली शिडी, आणि ऑल इंडिया अमॅच्युअर हा त्यातला मानाचा टप्पा. बारा-तेराव्या वर्षापासून ज्युनिअर स्पर्धा खेळायला लागलं तर अठराव्या वर्षी हातात शंभराहून अधिक अधिकृत फेऱ्यांची नोंद असते. पुढचा सगळा निर्णय याच नोंदीवर घ्यायचा आहे.

'माझा हँडिकॅप स्क्रॅच आहे, आता प्रो होतो' हे वाक्य क्लबांत वारंवार ऐकू येतं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, आणि स्क्रॅच म्हणजे शून्य. त्यातली अडचण हँडिकॅप निघतो कसा, यात आहे. प्रत्येक फेरीचा फरक काढताना स्कोअरमधून कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूचा त्या मैदानावरचा अपेक्षित स्कोअर) वजा करतात, ११३ ने गुणतात आणि स्लोपने (सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड, याच्या आकड्याने) भागतात. रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८ असलेल्या मैदानावर ७२ मारले तर फरक ०.७ येतो. अशा शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फरकांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. उरलेल्या १२ फेऱ्या त्यात मोजल्याच जात नाहीत. चांगल्या खेळाडूची सगळ्या वीस फेऱ्यांची सरासरी या इंडेक्सपेक्षा सहसा दोन-तीन फटके वर असते. प्रो स्पर्धेत मात्र प्रत्येक फेरी, प्रत्येक फटका मोजला जातो.

म्हणून स्वतःचं वेगळं गणित मांडा. घरच्या मैदानावरच्या फेऱ्या बाजूला ठेवा. गेल्या बारा महिन्यांत बाहेरच्या मैदानांवर, मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या सर्वांत लांबच्या जागेवरून), स्पर्धेत खेळलेल्या फेऱ्या तेवढ्या घ्या. निदान तीस तरी हव्यात. तीन आकडे काढा: सगळ्या फेऱ्यांची सरासरी, सर्वांत वाईट एक चतुर्थांश फेऱ्यांची सरासरी, आणि सलग चार दिवसांच्या स्पर्धांतली चौथ्या दिवसाची सरासरी. पहिला आकडा कोर्स रेटिंगपेक्षा एक-दोन फटके खाली, दुसरा रेटिंगच्या वर तीन फटक्यांच्या आत, आणि तिसरा पहिल्याच्या जवळपास असेल तर प्रो होण्याचा विचार करावा. इंडेक्सच्या भाषेत हे साधारण प्लस ३ (स्क्रॅचपेक्षा तीन फटके चांगला) किंवा त्याहून सरस असतं.

यातला दुसरा आकडा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. चांगल्या दिवशी ६६ मारणारी मुलं देशात बरीच आहेत. चेंडू मनासारखा जात नसताना ७३ वर फेरी सावरणारे फार थोडे, आणि कार्ड टिकतं ते त्यांचं.

अमॅच्युअर दर्जा सोडण्यापूर्वी

अमॅच्युअर दर्जाचे नियम २०२२ पासून बरेच सैल झाले आहेत. हौशी खेळाडूलाही आता प्रायोजक घेता येतो, खर्चाला मदत घेता येते, कंपनीचा लोगो लावता येतो. त्यामुळे 'प्रायोजक मिळवायचा तर प्रो व्हावंच लागतं' हे जुनं कारण उरलेलं नाही. बंधन मुख्यतः तीन बाबतींत आहे: ग्रॉस स्कोअरच्या (हँडिकॅप वजा न केलेल्या) स्पर्धेत १,००० डॉलर किंवा ७०० पौंड या मर्यादेवरचं बक्षीस घेणं, पैसे घेऊन शिकवणं, आणि स्पर्धेत प्रोफेशनल म्हणून खेळणं. घाईघाईने प्रो होऊन परत हौशी व्हायचं ठरवलं तर आयजीयूकडे अर्ज करावा लागतो आणि मधे थांबावं लागू शकतं. त्या काळात ना इकडच्या स्पर्धा, ना तिकडच्या.

मोठ्या प्रो स्पर्धांत हौशी खेळाडूंनाही थोड्या जागा मिळतात. तशी संधी आली तर दर्जा न सोडता खेळा आणि आपला स्कोअर कटच्या (पुढच्या फेऱ्यांत जाण्यासाठी लागणाऱ्या स्कोअरच्या) तुलनेत कुठे बसतो ते पाहा. अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती हवी असेल तर जास्तच जपा. महाविद्यालयीन स्पर्धांचे तिथले नियम वेगळे आणि काही बाबतींत कडक असतात. प्रशिक्षक तुमची दखल घेतात ती जागतिक अमॅच्युअर क्रमवारी आणि स्पर्धांतले स्कोअर पाहून, त्यामुळे अकरावीतच पत्रव्यवहार सुरू करावा.

सराव: वेळ कुठे घालायचा

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की दोन खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतून येतो आणि उरलेला ग्रीनच्या आसपासचे फटके व पटिंग (ग्रीनवरून होलकडे मारलेले फटके) यांतून. 'पटिंग म्हणजेच पैसा' ही क्लबमधली म्हण यामुळे निम्मी खोटी ठरते. ज्याचा ड्रायव्हर दर फेरीत दोनदा झाडीत किंवा हद्दीबाहेर जातो, त्याला पटिंग कितीही सुधारून कार्ड मिळणार नाही.

तुलनेसाठी पीजीए टूरचे काही ढोबळ आकडे. १८ पैकी साधारण १२ ग्रीन नियमात लागतात, म्हणजे पारपेक्षा (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) दोन फटके राखून चेंडू ग्रीनवर पोहोचतो. फेअरवेवरून (कापलेल्या मुख्य पट्ट्यावरून) १५० यार्डांचा फटका होलपासून सरासरी २५ फुटांच्या आसपास थांबतो. तीन फुटांचे पट शंभरात ९६ पडतात, पाच फुटांचे ७७, आठ फुटांचे ५०, दहा फुटांचे ४० आणि वीस फुटांचे फक्त १५. जगातले सर्वोत्तम खेळाडूही आठ फुटांवरून निम्मे पट चुकवतात, हे मनात पक्कं बसलं की पाच-सहा फुटांचा एक पट हुकल्यावर पुढचे तीन होल वाया जात नाहीत.

आपल्या फेऱ्यांत हेच मोजा. प्रत्येक फटका कुठून मारला, किती अंतर उरलं, चेंडू कसा पडला होता, एवढंच लिहायचं. दहा फेऱ्यांनंतर गळती कुठे आहे ते स्पष्ट दिसतं, आणि ती जिथे असेल तिथे पुढच्या सहा आठवड्यांचा निम्मा सराव घाला.

आठवड्याला २५ ते ३० तास सराव असेल तर आमची वाटणी अशी राहील: मैदानावर प्रत्यक्ष खेळ १० तास, लांबचे फटके ६, १२० यार्डांच्या आतल्या वेज ४, चिप आणि बंकर ३, पटिंग ४ आणि व्यायाम ३. नवोदित खेळाडू सर्वाधिक कंजुषी वेजमध्ये करतात. ४०, ५०, ६० अशा दहा-दहा यार्डांच्या टप्प्यांवर टॉवेल अंथरा. प्रत्येक वेजने अर्धा, पाऊण आणि पूर्ण स्विंग किती जातो याचा तक्ता करा आणि तो यार्डेज बुकमध्ये (मैदानावरच्या अंतरांच्या वहीत) चिकटवा.

साहित्याबद्दल थोडक्यात. बॅगेत १४ क्लबच चालतात. १५ वा सापडला तर चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन फटके, फेरीत कमाल चार. पंधरावा क्लब बहुधा सरावासाठी घेतलेली वेज किंवा दुसरा पटर असतो, म्हणून पहिल्या टीवर कॅडीने आणि तुम्ही दोघांनी मोजा. वेजच्या तोंडावरच्या खोबणी झिजल्या की रफमधून (लांब गवतातून) मारलेला चेंडू थांबत नाही. रोज खेळणाऱ्याने साठ अंशांची वेज वर्षातून एकदा तरी बदलावी. उन्हाळ्यात दख्खनची जमीन दगडासारखी कडक होते, तेव्हा कमी बाउन्सची (तळाचा कोन कमी असलेली) वेज बरी पडते. पावसाळी मऊ मातीत आणि भुसभुशीत वाळूत १० ते १४ अंश बाउन्स हवा. फोर्ज केलेल्या आयर्नचे लॉफ्ट आणि लाय हे कोन मॅटवर मारून बदलतात. दर सहा महिन्यांनी ते तपासून घ्या.

क्यू-स्कूल

देशातली मुख्य पुरुष टूर म्हणजे २००६ मध्ये स्थापन झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, अर्थात पीजीटीआय. तिच्यात शिरायचं दार म्हणजे क्वालिफाइंग स्कूल. नावात स्कूल असलं तरी ही शुद्ध स्पर्धा आहे. हंगामाच्या सुरुवातीला आधी प्राथमिक टप्पे होतात आणि त्यांतून पुढे आलेले अंतिम टप्प्यात चार फेऱ्या, ७२ होल खेळतात. वरच्या साधारण तीस जणांना पूर्ण कार्ड मिळतं. अर्जात वय, हँडिकॅपचा दाखला, फी आणि मुदत यांच्या अटी असतात. आपण अमॅच्युअर म्हणून उतरतोय की प्रोफेशनल म्हणून, ही नोंद विशेष काळजीने करा.

तयारी मागे मोजत आणायची. शेवटच्या तीन महिन्यांत स्विंगमध्ये मोठा बदल नको. नवा बदल रेंजवर दोन आठवड्यांत बसतो, पण दडपणाखाली टिकायला महिने लागतात, आणि मधल्या अवस्थेत खेळाडूला ना जुना फटका भरवशाने येतो ना नवा. शेवटच्या सहा आठवड्यांत नवा ड्रायव्हर, नवा पटर, नवा चेंडू यांपैकी काहीही नको. मैदानावर निदान तीन दिवस आधी पोहोचा आणि दोन सराव फेऱ्या खेळा.

सराव फेरीत स्कोअर मोजू नका. टीवरून प्रत्येक बंकर पार करायला हवेतून किती यार्ड लागतात ते लिहा. ग्रीनवर त्या दिवशीच्या होलकडे पट मारत बसू नका, तो होल स्पर्धेत तिथे नसतो. कडेपासून चार-पाच पावलांवर, कोपऱ्यांत, उंचवट्यांवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) टोचा आणि तिकडे पट, चिप करून पाहा. चार दिवसांच्या चार जागा बहुधा त्यांतूनच निघतात. प्रत्येक ग्रीनला 'इथे चुकलं तर बोगीच' अशी बाजू असते (बोगी म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त). तिच्यावर लाल खूण करा.

डावपेचात एक गोष्ट पचवायला जड जाते. कसलेल्या प्रोचे ड्रायव्हरचे फटकेसुद्धा डावी-उजवी धरून साठेक यार्डांत पसरतात. त्यामुळे निशाणा फेअरवेच्या मधोमध धरायचा नसतो. आपला पूर्ण पसारा पाणी आणि हद्दीच्या बाहेर राहील अशा रेषेवर तो सरकवायचा असतो, मग एक बाजू रफमध्ये गेली तरी चालेल. रफमधून पार वाचतो, हद्दीबाहेर गेलेला चेंडू दोन फटके खातो. क्यू-स्कूलमध्ये बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) कमी पडल्याने बाहेर पडणाऱ्यांपेक्षा एका होलवर सात-आठ मारून बाहेर पडणारे जास्त असतात.

नियमांमुळे जाणारे फटके तर सर्वांत चीड आणणारे. टी-टाइमला (सुरुवातीच्या ठरलेल्या वेळेला) पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके, त्यापुढे बाद. चेंडू शोधायला तीन मिनिटं. प्रोव्हिजनल चेंडू (पहिला हरवला असेल म्हणून मारलेला पर्यायी चेंडू) मारताना तो 'प्रोव्हिजनल' आहे हे स्पष्ट सांगावंच लागतं. न सांगता मारला तर तोच चेंडू खेळात धरला जातो. ड्रॉप, म्हणजे नियमानुसार हातातून चेंडू सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून. कार्डावर एखाद्या होलचा स्कोअर खऱ्यापेक्षा कमी लिहिला गेला तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिला तर तो जास्तच राहतो. बेरीज समितीची जबाबदारी आहे, होलचे आकडे तुमची. म्हणून स्कोअरिंग तंबूत बसून मार्करबरोबर एक-एक होल मोठ्याने वाचा आणि मगच उठा. स्थानिक नियमांचा कागद रोज वाचा. एकाच मॉडेलचा चेंडू फेरीभर वापरण्याचं बंधन, रेंजफाइंडर चालतो की नाही, चेंडू उचलून ठेवायची मुभा आहे का, हे सगळं त्यातच असतं.

पूर्ण कार्ड हुकलं तर वर्ष बुडालं असं नाही. पीजीटीआयने २०२४ मध्ये नेक्सजेन नावाची छोट्या रकमांची टूर सुरू केली, तिथे सामने मिळतात. २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग ही आणखी एक टूर उभी राहिली. कोणत्याही टूरचं सदस्यत्व घेण्याआधी दुसरीकडे खेळायला परवानगी लागते का, न घेतल्यास काय होतं, हे कलम वाचून घ्या. सही झाल्यावर तक्रार करून उपयोग होत नाही.

स्पर्धेचा आठवडा

पीजीटीआयच्या पुष्कळ स्पर्धा मंगळवार ते शुक्रवार होतात. म्हणजे शनिवारी किंवा रविवारी पोहोचायचं, सोमवारी सराव फेरी. दोन फेऱ्यांनंतर पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. बाकीचे रिकाम्या हाताने घरी.

मैदानाच्या उंचीचा हिशेब पोहोचल्या दिवशी करा. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे चेंडू साधारण १.२ टक्के लांब जातो. चेंबूरमध्ये १५० यार्ड जाणारा आयर्न पुण्यात तीनेक यार्ड आणि बेंगळुरूत पाचेक यार्ड पुढे जाईल. उलट उत्तरेतल्या जानेवारीच्या सकाळी, थंड जड हवेत, तोच आयर्न पाच-सात यार्ड आखूड पडतो. तिथे धुक्यामुळे सुरुवात दोन-तीन तास लांबते. तेव्हा गरम कपडे, खाणं आणि संयम हे तिन्ही बरोबर असू द्या, आणि वेळ जाहीर झाल्याशिवाय चेंडू मारत बसू नका.

आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याला कल असतो, म्हणजे पाती एका दिशेला झुकलेली असतात. पटच्या रेषेकडे पाहताना गवत चकाकलं तर कल तुमच्यापासून दूर, म्हणजे चेंडू वेगाने जाणार. काळपट दिसलं तर कल तुमच्याकडे, चेंडू अडणार. होलच्या ज्या कडेचं गवत झिजून फाटलेलं दिसतं, त्या बाजूला कल झुकलेला असतो. दुपारपर्यंत गवत वाढतं आणि कलाचा परिणाम वाढतो. सकाळच्या फेरीत जमलेला वेग दुपारच्या फेरीत तसाच धरला की पट आखूड राहायला लागतात.

कॅडी निवडताना मैदान माहीत असणारा हवा की तुम्हाला ओळखणारा, हा प्रश्न नेहमी पडतो. पहिल्या हंगामात स्थानिक कॅडी घ्या, स्वस्त पडतो आणि ग्रीन वाचतो. पण कामाची वाटणी पहिल्या दिवशीच ठरवा: अंतर कोण सांगणार, ग्रीन विचारल्यावरच सांगायचं की आपणहून, आणि वाईट होलनंतर गप्प राहायचं की बोलायचं. मजुरी आणि बक्षिसातला वाटाही आधीच बोलून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी यावरून होणारे वाद दोघांचंही नुकसान करतात.

एप्रिल-मेच्या उन्हात साडेचार-पाच तासांची फेरी म्हणजे अंगातून दोन-तीन लिटर घाम. तहान लागायची वाट न पाहता दर दोन होलला पाणी, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि पाचव्या व अकराव्या होलच्या आसपास केळं, शेंगदाण्याची चिक्की असं काही. शेवटच्या चार होलवरचे चुकीचे क्लब पुष्कळदा उपाशी डोक्याने घेतलेले असतात. दमट हवेत तीन हातमोजे आलटून पालटून वापरा.

पैशांचं गणित

हे प्रो होण्याआधी कागदावर मांडायचं. उदाहरणादाखल एक आठवडा धरू. प्रवास ९,०००, दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून घेतलेली खोली ९,०००, जेवण ५,०००, कॅडी ६,०००, प्रवेश फी आणि स्थानिक फिरणं ६,०००. एकूण ३५,००० रुपये. असे २० आठवडे म्हणजे ७ लाख. प्रशिक्षक, फिजिओ, सरावाची ग्रीन फी, चेंडू, क्लब यांचे आणखी ४ लाख धरा. वर्षाला ११, दोन हंगामांना २२ लाख. तुमच्या शहराप्रमाणे आकडे बदला, पण रकाना एकही गाळू नका.

आता उत्पन्न. एक कोटी रुपयांच्या पर्सच्या (एकूण बक्षीस रकमेच्या) स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात. तिथून रक्कम झपाट्याने उतरते आणि कट पार केलेल्यांच्या तळाशी ती आठवड्याचा खर्च जेमतेम भागवते. कट हुकला की शून्य. त्यामुळे पहिल्या वर्षीचं उत्पन्न अंदाजपत्रकात शून्यच धरा. आज कट पार झाला नाही तर परतीचं तिकीट कशातून काढायचं, हा विचार डोक्यात असलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी सहा फुटांचा पट मोकळ्या हाताने मारू शकत नाही.

प्रायोजकाकडे जाताना मोठ्या कंपनीच्या जाहिरात विभागापेक्षा आपल्या क्लबमधल्या उद्योजकांकडे आधी जा. त्यांनी तुमचा खेळ पाहिलेला असतो. दोन पानांचा कागद पुरे: गेल्या वर्षीचे स्कोअर, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक, खर्चाचा तक्ता, आणि बदल्यात काय देणार. लोगो कुठे, कंपनीच्या पाहुण्यांबरोबर वर्षातून किती फेऱ्या, किती कार्यशाळा, हे आकड्यांत लिहा. कुणी 'आज पैसे देतो, पुढच्या दहा वर्षांच्या बक्षिसातला वाटा दे' म्हणालं तर मुदत आणि कमाल रक्कम ठरल्याशिवाय सही करू नका. प्रो-अॅमच्या, म्हणजे प्रो आणि पाहुणे एकत्र खेळतात त्या दिवसाला कंटाळू नका. चार तास तुमच्याबरोबर खेळणारा पाहुणा हा सर्वांत सोपा प्रायोजक असतो, त्याचा चेंडू शोधायला आपणहून जावं.

बक्षिसातून उगमस्थानी कर कापला जातो, म्हणून पावती जपा. प्रवास, कॅडी, प्रशिक्षक यांचे खर्च व्यवसायाचे खर्च म्हणून दाखवता येतात, पण पावत्या असतील तरच. परदेशात कापलेल्या कराचा दाखला त्याच आठवड्यात आयोजकांकडून मागून घ्या. पहिल्याच वर्षी चार्टर्ड अकाउंटंट गाठा.

औषधं

प्रो गोल्फमध्ये उत्तेजक चाचणी होते. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. रक्तदाबासाठी दिले जाणारे बीटा ब्लॉकर हात स्थिर करतात, म्हणून गोल्फमध्ये स्पर्धेदरम्यान त्यांच्यावर बंदी आहे. गरज खरी असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागावी लागते. जिममधली पावडर आणि घटकांची यादी नसलेली चूर्णं टाळा. अंगात काय सापडलं याची जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची धरली जाते.

कार्ड टिकवणं आणि पुढची दारं

हंगामाअखेर ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये (बक्षिसांच्या कमाईच्या क्रमवारीत) पहिल्या साठात असाल तर पुढच्या वर्षाचं कार्ड राहतं. मोठ्या पर्सच्या स्पर्धांना जास्त वजन येतं, तेव्हा वेळापत्रक आखताना सलग चारपेक्षा जास्त आठवडे खेळू नका आणि मोठ्या स्पर्धेच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवा. पावसाळ्यात स्पर्धा विरळ होतात. स्विंगमधला बदल, शरीराची दुरुस्ती, ताकदीचा व्यायाम यांसाठी हीच वेळ.

ऑर्डर ऑफ मेरिट जिंकणाऱ्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं दार उघडतं, हे अलीकडच्या वर्षांत दिसलं: २०२२ मध्ये मनू गंडास, २०२३ मध्ये महूचा ओमप्रकाश चौहान, २०२४ मध्ये वीर अहलावत. दुसरी वाट एशियन टूरच्या क्यू-स्कूलची. तिचा अंतिम टप्पा थायलंडमध्ये पाच फेऱ्यांचा असतो आणि वरच्या ३५ जणांना कार्ड मिळतं. पुण्याचा उदयन माने पीजीटीआयवर जिंकत जागतिक क्रमवारीत वर सरकला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळला. त्यामुळे देशातल्या स्पर्धांतले क्रमवारीचे गुण क्षुल्लक समजू नका.

बाहेर जायचं ठरलं की व्हिसा आधी. एंट्री पक्की होण्याची वाट पाहत बसलात तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेळेत मिळत नाही, आणि ब्रिटनसाठी वेगळा लागतो. बॅग विमानात हरवण्याची शक्यता धरून पटर, मोजे आणि एक दिवसाचे कपडे यांची सोय आधीच करून ठेवा.

मुलींसाठी रचना वेगळी आहे. विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची हिरो विमेन्स प्रो गोल्फ टूर तीन फेऱ्यांच्या स्पर्धा घेते. मैदानात खेळाडू कमी असतात, त्यामुळे कार्डापेक्षा चुरशीच्या फेऱ्या मिळवणं अवघड जातं. म्हणून देशातल्या टूरवर पहिल्या पाचात स्थिरावल्यावर लेडीज युरोपियन टूरच्या क्यू-स्कूलला लवकर उतरावं. टोकियोत चौथी आलेली अदिती अशोक आणि दीक्षा डागर, दोघींनीही युरोपची वाट लहान वयातच धरली.

दोन हंगाम झाले की पुन्हा तेच तीन आकडे काढा. वाईट एक चतुर्थांश फेऱ्यांची सरासरी दीड-दोन फटक्यांनी उतरली असेल, तर निकाल अजून दिसत नसले तरी तिसरं वर्ष द्यावं. ती जिथल्या तिथे असेल आणि शिल्लक संपत आली असेल, तर आयजीयूच्या नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करावा. टूरवर खेळलेल्या प्रशिक्षकाला क्लबांत मागणी असते, आणि शिकवता शिकवता क्यू-स्कूलला पुन्हा उतरायला कोणतीही आडकाठी नाही. क्लबशी करार करताना मात्र क्यू-स्कूलच्या आणि त्याआधीच्या सहा आठवड्यांची रजा लेखी मागून घ्या.